दारातून न गेलेला सह्याद्री

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरी अकरा माणसं जेवायला होती आणि त्यांतल्या एकालाही निकालासाठी बोलावलेलं नव्हतं. ती सगळी ड्रायव्हर मंडळी होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ट्रान्सपोर्टचं छोटं ऑफिस होतं: एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला देवांची दोन कॅलेंडरं आणि स्वतःचे पाच ट्रक. माल भरायचा खोळंबला की ड्रायव्हर दिवस-दिवस अडकून पडत, आणि अडकलेला माणूस हॉटेलात जेवला तर आईला तो स्वतःचा अपमान वाटे. आमचं घर बाजारापासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. आई दुपारी बाराला परातभर पीठ मळायला घ्यायची ते दोनला उठायची. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. पंगतीला बसलेला माणूस साताऱ्याचा असो की बिहारचा, भाकरी मोडायची कशी हे ती त्याला हातात हात धरून शिकवी. मला नंतर पुष्कळ मोठमोठ्या लोकांनी शिकवण्याची पद्धत समजावून सांगितली, पण आईइतक्या कमी शब्दांत कोणी नाही.

निकाल मी मोबाईलवर बघितला. भूगोलात पहिला वर्ग. आईला सांगितलं, तिने पिठाच्या हातानेच माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली, आणि मग ते पंगतीत पसरलं. महादूमामांनी ताट बाजूला सारलं, उठून हात धुतले आणि पाकिटातनं शंभराची नोट काढून माझ्या हातात दिली. मामा माणदेशातले, आमच्याच गावाकडचे, आप्पांचा पहिला ट्रक चालवायला आले ते माझ्या जन्माच्याही आधी. नात्याने कोणी नव्हते, पण मला शाळेत सोडणं, दाढदुखीला दवाखान्यात नेणं, सायकल शिकवणं ही सगळी कामं त्यांचीच. त्यांनी विचारलं, "आता पुढं काय, पोरी?" आणि मी काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "पुढं काय म्हंजे? ऑफिसात बसंल."

आप्पांचं चुकत नव्हतं. दहावीपासून सुट्टीत मीच ऑफिसात बसायचे. मालासोबत जायच्या बिल्ट्या लिहायचे, कम्प्युटरवर पावत्या काढायचे, वाटेत अडकलेल्या ड्रायव्हरांना फोन करून कुठल्या वळणाने जायचं ते सांगायचे. बाजारात दिवसभर सळ्यांचे भारे पडत असतात. त्या खणखणाटात फोनवर बोलायचं तर पोटातून ओरडावं लागतं. माझा आवाज त्यामुळे असा तयार झाला होता की मी घरातून "आप्पा" म्हटलं की ऑफिसात आप्पा उठून उभे राहत. पण मला शिक्षिका व्हायचं होतं. का, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आजही नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं की ड्रायव्हरांना रस्ता सांगताना मला नकाशा डोळ्यासमोर दिसायचा, आणि पलीकडच्या माणसाला तो दिसला, हे त्याच्या आवाजावरून कळलं की अंगावर बारीक काटा यायचा. मी तसं सांगितल्यावर आप्पा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी चहा पिताना, कपाकडे बघत म्हणाले की दोन वर्षं देतो. कागद हातात घेऊन आलीस तर तुझा रस्ता वेगळा, नाही आलीस तर ही खुर्ची तुझी. मी तिथल्या तिथे उडी मारली. चहा सांडला, आणि तो पुसताना आप्पा हसत होते हे आईने मला नंतर सांगितलं.

वाशीच्या ज्या कॉलेजात मी बी.एड.ला गेले, तिथे पहिल्याच आठवड्यात मला कल्पिता भेटली. ती तळवलीची पाटील. तिच्या आजोबांची भातशेती होती तिथे आता चार मजल्यांची इमारत होती, आणि ती त्या इमारतीला 'शेत' म्हणायची. "शेतावर हाय मी, वरती ये," असं तिने पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा मी अर्धा तास हिरवळ शोधत हिंडले होते. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुका जवळा, माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. दुसऱ्या दिवसापासून डबे सरळ बदललेच गेले. आम्ही दोघी इतक्या हसायचो की ग्रंथालयात आम्हाला वेगवेगळ्या टेबलांवर बसवण्याचा नियम केला गेला.

बी.एड.मध्ये आधी खोटे वर्ग घेतात आणि मग खरे. खोट्या वर्गात आपलेच दहा सोबती विद्यार्थी होऊन बाकांवर बसतात आणि आपण पाच-सहा मिनिटांत एकेक कौशल्य दाखवायचं: एकदा फक्त प्रश्न विचारायचे, एकदा फक्त फळ्यावर लिहायचं, एकदा फक्त मुलांना शाबासकी द्यायची. आता विचार करा, बावीस ते पस्तीस वयाची, काही लेकुरवाळी माणसं सातवीतली पोरं झाली की काय होतं. एक जण खरोखर बाकाखाली जाऊन झोपला. कल्पिता तर दर दोन मिनिटांनी करंगळी वर करून पाणी प्यायला जायची परवानगी मागायची, तीही "बाई, पानी" अशी, आणि दिली नाही तर खोटं रडायची. माझी पाळी आली तेव्हा मी फळ्यासमोर उभी राहिले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मुलांनो, आज आपण नद्या शिकणार आहोत." शेजारच्या वर्गातला तास थांबला. शिपाई काय झालं ते बघायला आला. कल्पिता बाकावरून म्हणाली, "काय गो, ही शिकवनी हाय का भांडन?"

आमच्या मार्गदर्शक बर्वे बाई हसल्या नाहीत. त्या बारीक, ताठ, इस्त्रीच्या सुती साडीतल्या, आणि लाल पेनाने अक्षर इतकं सुंदर काढायच्या की शेरा वाईट असला तरी वहीत छान दिसे. त्यांनी सांगितलं की आवाज हे शिक्षकाचं हत्यार आहे, पण ते म्यानात ठेवून वापरायचं असतं. मी इतकी ओशाळले की मग दुसरं टोक गाठलं. पुढे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर पाठ घेताना मी असं कुजबुजत शिकवलं की शेवटच्या बाकावरची मुलं गोट्या काढून बसली. वहीत लाल अक्षरांत शेरा आला: पाठ पुन्हा घ्यावा.

तो शेरा घेऊन मी घरी आले आणि ताट न वाढताच बसून राहिले. हॉलमध्ये सतरंजीवर सहा ड्रायव्हर जेवून हात वाळवत बसलेले. महादूमामांनी वही मागितली. त्यांना वाचायला जेमतेम यायचं. अक्षर अक्षर जुळवत त्यांनी शेरा वाचला आणि म्हणाले, पुन्हा घ्यायचा म्हणतायत ना, मग घे की. इथंच घे. आमी काय करतोय नाहीतरी?

त्या दिवसापासून आमच्या हॉलला शाळा लागली. दुपारी जेवणं झाली की दरवाज्याच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचं, समोर सतरंजीवर वर्ग. खाणी, नद्या, घाट, माती, सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि पुस्तकातलं काहीच माहीत नाही. मी विचारलं की काळी माती कुठे सापडते, तर रामआशिष नावाचा ड्रायव्हर हिंदीत म्हणाला की जिथं पावसात गाडी बाजूला घेतली की दोन दिवस निघत नाही तिथं. उत्तर बरोबर होतं. मी म्हटलं, शाबास. तो असा लाजला की तोंडावर टॉवेल घेतला. पुढच्या आठवड्यात चेन्नईला माल घेऊन निघताना तो मुद्दाम घरावरून गेला आणि इंजिन चालू ठेवून खिडकीतून म्हणाला, "दीदी, एक शाबास दे दो, लंबा रास्ता है." मी रस्त्यावर उभी राहून, माझ्या खऱ्या आवाजात, दिली. मागे उभ्या असलेल्या चार गाड्यांनी हॉर्न वाजवले.

इतकी मजा मी आयुष्यात परत केली नाही. कामं इतकी होती की रडू यावं: प्रत्येक पाठाची टाचणं काढायची, तक्ते रंगवायचे, वह्यांवर वह्या भरायच्या, पण मी सकाळी बसमध्ये चढतानाच हसू फुटलेलं असे. मुलं माझं ऐकायला लागली होती. एका मुलीने मला कागदाचं फूल दिलं, तर मी ते आठ दिवस केसांत घातलं. आता माझ्या गुडघ्यांना जिना नको वाटतो आणि वर्गाबाहेर बसून मी दुसऱ्यांचे पाठ तपासते; पण नव्या पोरींपैकी एखादी तास संपल्यावर कारण नसताना व्हरांड्यात पळाली की मी तिला रागावत नाही.

शेवटच्या वर्षी परीक्षेचा पाठ असतो. बाहेरून परीक्षक येतात, अनोळखी शाळा, अनोळखी वर्ग, एकच तास, आणि त्यावर कागद मिळायचा की खुर्ची हे बरंचसं ठरणार. मला विषय आला: सह्याद्री आणि पर्जन्यछाया. म्हणजे डोंगराच्या एका बाजूला धो धो पाऊस आणि दुसऱ्या बाजूला कोरडं, असं का होतं. मी घरी सांगितलं की डोंगराची एखादी प्रतिकृती करावी म्हणते, पुठ्ठ्याची. पुठ्ठा हा शब्द कळंबोलीत कोणी मनावर घेत नाही. महादूमामांनी बाजारातल्या वेल्डरला गाठलं. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर गोणपाट, गोणपाटावर सिमेंट. मी कॉलेजातून येईपर्यंत घरासमोर सह्याद्री उभा होता. कुठला घाट कुठे यावा यावरून दोन ड्रायव्हरांचं तीन दिवस बोलणं बंद होतं. एकीकडे निळा समुद्र, हिरवं कोकण, मध्ये माझ्या कमरेला लागेल इतका डोंगर, पलीकडे पिवळं पठार, आणि खाली वेल्डिंग केलेले चार पाय. आईने वरती कापसाचे ढग तारेवर अडकवले. आप्पा ऑफिस बंद करून बघायला आले, चारी बाजूंनी फिरले, एका पायाला हलवून बघितलं आणि म्हणाले, मजबूत हाय.

परीक्षेच्या सकाळी तो टेम्पोत चढवला. टेम्पोचा हौदा आधी मोजून ठेवला होता, दोरखंड बांधले होते, ढगांवर प्लास्टिक होतं. टेम्पो मामा स्वतः चालवत होते, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात डोंगर द्यायला ते तयार नव्हते. वाशीच्या शाळेच्या फाटकाशी कल्पिता उभी होती. तिचा पाठ आदल्या दिवशी झाला होता. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मामा, शाळेचे शिपाई, कल्पिता आणि मी, चौघांनी तो उचलला. प्रत्येक जिन्याच्या वळणावर कोकण भिंतीला घासत होतं. वर पोचलो तेव्हा आम्हा चौघांचे कपडे निळे-हिरवे झाले होते आणि तीन वर्गांची मुलं व्हरांड्यात आली होती. आणि मग आम्ही तो दाराशी नेला.

तो दारातून जाईना. आडवा धरला तर पाय अडकत, तिरका केला तर डोंगराचं पोट अडे, उभा केला तर समुद्र वरच्या चौकटीला लागे. हौदा मोजला होता, दार कोणी मोजलं नव्हतं. आत चाळीस मुलं टाळ्या वाजवत होती. मागच्या बाकावर बर्वे बाई डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी परीक्षक, एक वयस्कर, टक्कल पडलेले गृहस्थ, घड्याळ काढून समोर ठेवत होते. घंटा झाली. माझं टाचण 'प्रतिकृती दाखवून' या शब्दांनी सुरू होत होतं, आणि तो कागद परीक्षकांच्या हातात होता.

मी डोंगराखालून आत शिरून फळ्यासमोर उभी राहिले आणि आवाजच फुटेना. दारात, त्या अडकलेल्या डोंगराच्या मागे, महादूमामा उभे होते. टोपी काढून कपाळ पुसत होते आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. आपल्यामुळे पोरीचं वाटोळं झालं असा त्यांचा चेहरा. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलाने त्यांना विचारलं, "काका, तुमी ट्रक चालवता?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. बोलू की नको, असं. आणि मला एकदम काहीतरी सुचलं, किंवा सुचलं नाही, नुसतं तोंडातून निघालं, आणि निघालं ते माझ्या खऱ्या आवाजात. मी मामांना आत बोलावलं. ते डोंगराखालून वाकून, जवळजवळ रांगत आत आले. मी मुलांना सांगितलं की हे महादूमामा, तीस वर्षं हा डोंगर ओलांडतायत, यांना विचारा की पावसाळ्यात गावाला जाताना काय काय दिसतं. मामा आधी चाचरले. मग म्हणाले की खंडाळ्याच्या घाटात वायपर कितीबी जोरात लावा, काचेवर पानीच पानी. साताऱ्यापर्यंत वायपर हळू करायचा. पुसेगाव सोडलं की बंद. आन् म्हसवडला पोचलं की काचेवर धूळ. एकाच दिवशी, एकाच गाडीत.

मुलं हसली. मी खडू घेतला. फळ्यावर समुद्र काढला, डोंगर काढला, डोंगरावर मामांची गाडी काढली, आणि चार ठिकाणी त्यांचा वायपर. मग एकेक प्रश्न विचारत गेले. ढग कुठून येतात, डोंगर आडवा आला की त्यांना कुठे जावं लागतं, वर गेल्यावर हवा कशी असते, थंड झालेल्या ढगाला ओझं पेलतं का. मुलं उत्तरं देत होती, उठून उठून देत होती. शेजारच्या वर्गाला ऐकू जात असणार. मला पर्वा नव्हती. शेवटी एका मुलीने उभं राहून सांगितलं की सगळा पाऊस चढतानाच पडून जातो, पलीकडे उतरते ती रिकामी हवा. मी तिला शाबास म्हटलं आणि वळले, तर महादूमामांचा हात वर होता. कोपऱ्यात, मुलांच्या रांगेला लागून, टोपी छातीशी धरून, दुसरा हात वर.

"बाई," ते म्हणाले. त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा बाई म्हटलं. "म्हंजे आमचं गाव डोंगराच्या मागं हाय, एवढ्यामुळंच?"

"हो," मी म्हटलं. "एवढ्यामुळंच."

ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग घंटा झाली आणि सगळा वर्ग डोंगराखालून रांगत बाहेर जायला धावला, कारण त्यांना तसंच जायचं होतं.

परीक्षकांनी मला एकच विचारलं: हे मामा टाचणात का नाहीत? मी म्हटलं, सुचले नव्हते, सर. त्यांनी मान डोलावली आणि वाकून, बर्वे बाईंचा हात धरून, तेही डोंगराखालून बाहेर पडले. बर्वे बाईंच्या इस्त्रीच्या साडीला खांद्यावर कोकण लागलं. त्या मला म्हणाल्या की आज म्यान घरी विसरलात वाटतं. आणि मग, मी दोन वर्षांत पहिल्यांदा बघितलं, हसल्या. कागद पुढे रीतसर आला. आप्पांनी तो फ्रेम करून ऑफिसात दोन कॅलेंडरांच्या मधे लावला, आणि खुर्चीवर कम्प्युटर येणारा एक मुलगा ठेवला, ज्याचा आवाज टेबलापलीकडेही ऐकू जात नाही अशी त्यांची कायमची तक्रार होती. सह्याद्री परत खाली न्यायला शिपाई तयार झाले नाहीत. तो त्या व्हरांड्यातच राहिला. मुलं त्यावर दप्तरं ठेवत.

पण त्या दिवशी परतताना आम्ही तिघं टेम्पोत पुढे बसलो होतो. मामा चालवत होते, मधे कल्पिता, खिडकीशी मी. आम्ही दोघी हसून हसून दमलो होतो. सानपाड्याच्या पुढे मामांनी टेम्पो कडेला घेतला आणि गावी मामींना फोन लावला. त्यांना फोन कानाला लावता येत असे, पण सवयीने ते स्पीकरवरच बोलत. मामींनी आधी विचारलं की पोरीचा डोंगर पोचला का. मामा म्हणाले, ते ऱ्हाऊ दे, ऐक. आणि त्यांनी सगळं सांगितलं, समुद्रापासून, ढगांपासून, चढापासून, एकही पायरी न गाळता. मामांची आई म्हणायची की गावाला शाप हाय, कुणीतरी पाप केलं म्हणून पाऊस पाठ फिरवतो. तसं काय न्हाई, मामा म्हणाले.

पलीकडून मामी म्हणाल्या, "कळलं, पर पाऊस पडणार हाय का त्यानं?"

"न्हाई पडणार," मामा म्हणाले. "पर आपल्या गावाचं काय चुकलं नव्हतं."

मामींच्या मागे कुठेतरी शेळी ओरडली. मामींनी विचारलं की हे तुमाला कोणी सांगितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही; समोर रस्त्याकडे बघत, गियर टाकत म्हणाले, "आमच्या बाईंनी."

मधे बसलेल्या कल्पिताने मला असा चिमटा काढला की त्याचा निळा डाग तीन दिवस गेला नाही.